झुंजारचा पिच्चर काऊन नाही निघत?

दिवाळीत मामाकडे गेलो होतो. मामा कारंजा तालुक्यातले, एसटीतून रिटायर झालेले, सत्तरी ओलांडलेली. वाचायचं वेड जुनं, पण आता डोळ्यांमुळे पुस्तक धरवत नाही. म्हणून मोबाईलवर 'फास्टर फेणे' लावून दिला. 2017 चा, अमेय वाघचा. मामांनी शेवटपर्यंत पाहिला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "काबे, ह्या फेणेचा पिच्चर निघते, मंग आपल्या झुंजारचा काऊन नाही निघत?"

मी मराठी साहसकथा आणि रहस्यकथांच्या वाचकांवर पीएचडी करतोय. कोर्सवर्क झालं, सिनॉप्सिस गेला, दोन पेपर झाले. आणि मामांचा हा साधा प्रश्न माझ्या सिनॉप्सिसमध्ये कुठेच नव्हता! त्यानंतर काही महिने या प्रश्नाच्या मागे लागलो. त्यात मी एकदा सपशेल चुकलो, ते कसं हेही सांगतो. पेटची तयारी करणाऱ्यांना त्याचा जास्त उपयोग होईल असं वाटतं.

झुंजार कोण हे विशीतल्या वाचकाला माहीत असेलच असं नाही. बाबूराव अर्नाळकर, खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, जन्म 1906, मृत्यू 1996. हजाराहून अधिक पुस्तकं लिहिली या माणसाने. त्यांचे तीन नायक घराघरात पोचलेले होते. गुप्तहेर धनंजय आणि त्याचा जोडीदार छोटू. काळापहाड या नावाने रात्री वावरणारा चंद्रवदन. आणि झुंजार, सोबत पत्नी विजया आणि साथीदार नेताजी. धनंजय-छोटू वाचताना होम्स-वॉटसन आठवतात. झुंजार वाचताना लेस्ली चार्टरिसचा सेंट आठवतो : कायद्याच्या कडेकडेने चालणारा, दुष्टांना लुटणारा, बायकांशी अदबीने बोलणारा, कधीही न हरणारा. पुस्तकं छोटी, कागद हलका, मुखपृष्ठ भडक. विकत कोण घेणार? रोजच्या भाड्याने देणाऱ्या लायब्रऱ्यांतून ती फिरत. एकाच पुस्तकाला बहुतेक अख्खी आळी वाचून काढायची.

आता मामांच्या प्रश्नाकडे. प्रश्न साधा दिसतो, पण त्यात दोन प्रश्न आहेत. पहिला : अर्नाळकर ऐन भरात होते तेव्हा, म्हणजे चाळीस-पन्नासच्या दशकांत, झुंजार पडद्यावर का रुजला नाही? दुसरा : नंतर, जुना झाल्यावर, गमतीगमतीत तरी तो परत का आला नाही? हे दोन वेगळे काळ आहेत आणि उत्तरंही वेगळी आहेत. मी सुरुवातीला दोन्ही एकत्र केले होते. गाईडनी लाल पेनाने फक्त एक रेघ मारली होती त्या पानावर.

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याला जगात इतरत्र नमुना आहे.

अमेरिकेत 1933 साली 'डॉक सॅव्हेज' नावाचं स्वस्त मासिक सुरू झालं. नायक क्लार्क सॅव्हेज ज्युनिअर : कांस्याच्या रंगाचा, सर्जन, शास्त्रज्ञ, पैलवान, सगळं एकाच अंगात. बहुतेक कथा लेस्टर डेंटने लिहिल्या. 1949 पर्यंत 181 अंक निघाले, मग मासिक बंद पडलं. 1964 पासून बॅन्टम या प्रकाशनाने त्याच कथा पेपरबॅकमध्ये छापायला घेतल्या आणि नव्या पिढीने त्या उचलल्या. त्या जोरावर 1975 साली जॉर्ज पाल या निर्मात्याने चित्रपट काढला. पण चाळीस वर्षांपूर्वीचा निष्कलंक नायक गंभीरपणे दाखवायचा कसा, या पेचातून त्यांनी त्याची थट्टाच केली. मागे लष्करी बँडची गाणी, नायकाच्या डोळ्यात खोटी चमक. चित्रपट आपटला. ज्यांना डॉक आवडत होता ते चिडले, ज्यांना तो माहीतच नव्हता त्यांना थट्टा कशाची चाललीय तेच कळेना.

या प्रकाराला इंग्रजीत 'कॅम्प' म्हणतात. सुसान सॉन्टॅगचा 1964 चा निबंध त्यावरचा पायाभूत मानतात, नेटच्या अभ्यासात तो तुम्हाला भेटेलच. मराठीत नेमका शब्द नाही. 'बटबटीत' म्हणावं तर त्यात तिटकारा येतो, आणि कॅम्पमध्ये तिटकारा नसतो, माया असते. आपल्याकडची पोरं 'लय ओव्हर' म्हणतात ते जरा जवळचं आहे. "लय ओव्हर आहे, पण मजा येते." यातला 'पण' महत्त्वाचा. 1966 ची 'बॅटमॅन' मालिका याच 'पण'वर चालली.

म्हणजे जुन्या पुस्तकी नायकाचा 'ओव्हर' चित्रपट निघायला काय काय लागतं? नायक पुरेसा जुना हवा. तो लोकांच्या आठवणीत जिवंत हवा, म्हणजे पुस्तकं मिळत राहायला हवीत. आणि त्याच्यावर हसायची मुभा हवी. ही शेवटची अट मराठीत फार अवघड आहे.

कारण मराठी पडद्यावरचे जुने साहसनायक बघा. हरि नारायण आपटे यांची 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी 1903 ची. तिच्यावर बाबूराव पेंटरांनी 1923 साली 'सिंहगड' हा मूकपट काढला. त्यात शेलारमामाचं काम तरुण शांतारामांनी केलं होतं. दहा वर्षांनी, 1933 मध्ये, त्याच शांतारामांनी प्रभातसाठी बोलका 'सिंहगड' केला. दोर, कडा, रात्र, तलवारबाजी, प्रतिज्ञा. साहसपटाला लागतं ते सगळं त्यात आहे. पण तानाजीवर हसणार कोण? तो कादंबरीतून आलेला असला तरी प्रेक्षकासाठी तो पूर्वज आहे. आपल्या साहसपटाची पहिली वाटच अशी श्रद्धेची पडली. मला वाटतं, पुढचं बरंच काही या एका गोष्टीने ठरवलं.

दुसऱ्या टोकाला चिमणराव. चिं. वि. जोशींचा हा नायक 1940 च्या 'लग्न पहावे करून' आणि 1942 च्या 'सरकारी पाहुणे' या चित्रपटांत दामूअण्णा मालवणकरांनी उभा केला, पुढे दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनी. तिथे हसायची पूर्ण मुभा. पण तिथे साहस नाही, संसार आहे. म्हणजे मराठीत वंदनीय नायक होता आणि विनोदी नायकही होता. मधली जागा, जिथे नायक छतावरून उडी मारतो आणि आपण टाळ्याही वाजवतो आणि हसतोही, ती मोकळी राहिली.

मोकळी म्हणजे मराठीत मोकळी. आता पहिल्या प्रश्नाकडे येतो आणि माझ्या चुकीकडेही.

झुंजार ऐन भरात असताना पडद्यावर का रुजला नाही, याचं उत्तर मी पहिल्या मसुद्यात एका वाक्यात लिहून टाकलं होतं : मराठी सिनेमाकडे पैसा नव्हता. मोटारी, बंगले, टेलिफोन, बंदरावरची गोदामं परवडणार कशी? वाक्य इतकं पटण्यासारखं होतं की मी त्याला आधारही शोधला नाही. (ही धोक्याची खूण. जे वाक्य लिहिताना अजिबात त्रास होत नाही, ते बहुधा आपलं नसतं, ऐकीव असतं.)

हे वाक्य पाडलं भगवानदादांनी. भगवान आबाजी पालव, जन्म 1913, गिरणी कामगाराचा मुलगा. आपण त्यांना 1951 च्या 'अलबेला'तल्या नाचासाठी ओळखतो. पण त्याआधी दशकभराहून अधिक काळ ते स्टंटपट काढत होते. 1938 च्या 'बहादूर किसान'पासून ते दिग्दर्शनात उतरले, 1942 मध्ये स्वतःची जागृती पिक्चर्स काढली, नंतर चेंबूरला स्टुडिओ. हे सगळे चित्रपट कमी पैशात, झटपट काढलेले, मारामाऱ्यांनी भरलेले, आणि गिरणगावातल्या कामगार प्रेक्षकावर चालणारे. म्हणजे झुंजारला लागणारा सिनेमा मुंबईत, मराठी माणसाच्या हातून, तुटपुंज्या पैशात निघत होता. पैसा हे कारण टिकत नाही.

मग फरक कशात? भगवानदादांचे ते स्टंटपट हिंदीत होते.

हे लक्षात आल्यावर बाकीचे तुकडे आपोआप बसत गेले. स्टंटपट सुरुवातीपासूनच भाषेपेक्षा अंगावर चालणारा प्रकार. मूकपटांच्या काळात मास्टर विठ्ठल, कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेला गडी, 'भारताचा डग्लस फेअरबँक्स' म्हणून गाजला तो मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीच्या चित्रपटांतून. वाडिया बंधूंनी 1935 मध्ये नादियाला घेऊन 'हंटरवाली' काढला. 1937 मध्ये 'तूफानी टारझन', 1956 मध्ये 'हातिमताई', 1958 मध्ये 'झिंबो', तोही टारझनचाच भाऊ. एडगर राईस बरोजने 1912 मध्ये लिहिलेला नायक, आणि त्याच्याही कितीतरी आधीचा, किश्श्यांतून आलेला दानशूर हातिम, दोघेही होमी वाडियांच्या पडद्यावर एकाच उत्साहाने उड्या मारत होते. जुन्या पुस्तकी नायकांचे 'लय ओव्हर' चित्रपट आपल्याकडे निघालेच नाहीत असं नाही. निघाले, ढिगाने निघाले. पण मराठी प्रेक्षकाने ते हिंदीत पाहिले. शहरी गुन्ह्याची गोष्टही त्याला हिंदीतच मिळाली, 1956 च्या 'सीआयडी'सारख्या चित्रपटांतून.

तेव्हा मराठी सिनेमा काय करत होता? गावाकडे निघाला होता. 1953 मध्ये प्रभात बंद पडली. 1959 मध्ये अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' आला आणि तमाशापटाला उधाण आलं. हिंदी जे देऊ शकत नव्हती ते मराठी सिनेमाने धरलं : फड, पाटील, चावडी, लावणी. हा शहाणपणाचाच निर्णय होता, धंद्याच्या दृष्टीने. पण त्यात मुंबईच्या रस्त्यावर मोटार पळवणाऱ्या झुंजारला जागा नव्हती.

म्हणून माझं म्हणणं असं : एकाच माणसाच्या करमणुकीची दोन भाषांत वाटणी झाली होती. परळचा कामगार किंवा कारंज्याचा कंडक्टर रात्री अर्नाळकर मराठीत वाचायचा आणि रविवारी तीच चव हिंदीत बघायचा. त्याला काही कमी पडतंय असं वाटत नव्हतं. झुंजारचा चित्रपट कोणी मागितलाच नाही, कारण त्याची जागा भरलेली होती. मामांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तवा तं नादिया होती ना बे!" आणि सत्तरीच्या मामांनी बसल्या जागी हवेत चाबूक ओढून दाखवला. इतक्या पुस्तकांतून जे जमवलं ते या एका हातवाऱ्यात होतं. थोडी लाजच वाटली.

आता फेणे. हा मात्र आला पडद्यावर, दोनदा आला. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनच्या मालिकेत सुमीत राघवन फेणे होता. आणि ऑक्टोबर 2017 मध्ये आदित्य सरपोतदार दिग्दर्शित चित्रपट आला, लेखन क्षितिज पटवर्धन यांचं.

फेणेचे जनक भा. रा. भागवत (1910–2001). ज्यूल व्हर्न मराठी मुलांपर्यंत नेणारा माणूस, 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा' वगैरे. बनेश फेणे हा फुरसुंगीचा किडकिडीत पोरगा, पुण्यात विद्याभवन शाळेत शिकतो, सायकल हाणतो आणि 'ट्टॉक' करतो. काश्मीर, प्रतापगड, विमानचोर अशी सगळीकडे त्याची हजेरी. मालिकेतल्या एका पुस्तकाचं नाव 'जंगलपटात फास्टर फेणे'. 'जंगलपट' हा शब्द बघा. वाडियांच्या झिंबोला जे लेबल लागायचं तेच मुलांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आहे. पुस्तक आणि पडदा यांची शेजारपाजार किती जवळची होती ते यातून दिसतं.

फेणे का टिकला आणि झुंजार का नाही? गुणवत्ता, म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मी दोघेही पुन्हा वाचले. भागवतांची भाषा जास्त खेळकर आहे, हे कबूल. पण खरा फरक पुस्तक कुठे ठेवलं जात होतं यात आहे. फेणे मुलांसाठी विकत घेतला जायचा. वाढदिवसाला, बक्षीस म्हणून, उन्हाळ्याच्या सुट्टीत. तो घरातल्या कपाटात राहिला, पुन्हा छापला गेला, आणि ज्यांनी तो लहानपणी वाचला त्यांच्यातले काही पुढे लेखक, दिग्दर्शक, निर्माते झाले. झुंजार भाड्याने आणला जायचा आणि दुसऱ्या दिवशी परत जायचा. अनेक घरांत तर उशीखाली लपवलेला असायचा. डॉक सॅव्हेजला बॅन्टम मिळाली, फेणेला कपाट मिळालं. झुंजारला दोन्ही मिळालं नाही.

मग 2017 च्या चित्रपटाने फेणेचं काय केलं? मला वाटलं होतं, आता तरी ती मोकळी जागा भरेल. चौकटीचा शर्ट, ट्टॉक, भडक खलनायक, धमाल. पण चित्रपटाने फेणेला मोठा केला. तो मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात येतो, तिथे एका मुलाचा मृत्यू होतो, आत्महत्या म्हणून फाईल बंद होऊ लागते, आणि फेणे खणत खणत परीक्षेच्या घोटाळ्यापर्यंत पोचतो. गिरीश कुलकर्णींचा अप्पा थोडा 'ओव्हर' आहे, मस्त आहे. सिद्धार्थ जाधवचा अंबादास गंमत आणतो. पण चित्रपट हसत नाही, घाबरलेला आहे. पुस्तकातला फेणे काहीही झालं तरी मरणार नाही याची वाचकाला खात्री असते. इथे ती खात्री काढून घेतली आहे.

समीक्षक म्हणून मला हे थोडं खटकलं. पण वाशीम जिल्ह्यातला मुलगा म्हणून पाहताना वेगळंच झालं. आमच्याकडून अकोला, लातूर, पुणे इथे परीक्षेच्या क्लाससाठी गेलेली पोरं मी पाहिलीत. कॉट बेसिसवरची खोली, मेसचा डबा, बापाने विकलेलं सोयाबीन. बाहेरगावचा एकटा पोरगा पुण्यात, परीक्षा तोंडावर, आणि कोणीतरी वरचेवर जागा विकतंय, ही गोष्ट थट्टेत सांगता आली असती का? भागवतांचा फेणेही मुळात शहराबाहेरून शिकायला आलेला मुलगाच होता, हे चित्रपटाने बरोबर हेरलं. त्या फुरसुंगीचं नाव अलीकडे बातम्यांत यायचं ते बहुतेक कचरा डेपोमुळे, आणि ज्या ऑक्टोबर 2017 मध्ये चित्रपट आला त्याच महिन्यात ते गाव पुणे महापालिकेत गेलं. सायकलवरून फुरसुंगीहून पुण्याला येण्यातलं अंतरच संपलं.

चित्रपटातली एक गोष्ट मात्र खरी कॅम्पच्या जवळची आहे. भा. रा. भागवत स्वतः पात्र म्हणून येतात, आणि ते काम दिलीप प्रभावळकरांनी केलंय. म्हणजे ज्यांनी दूरदर्शनवर चिमणराव केला, ज्यांनी स्वतः 'बोक्या सातबंडे' लिहिला, ते आता फेणेचे लेखक झाले. मराठीतल्या तीन पुस्तकी नायकांना जोडणारा एकच चेहरा! चित्रपट जुन्या पुस्तकाकडे डोळा मिचकावतो तो या एका ठिकाणी. बाकी वेळ तो वर्तमानपत्राकडे बघत असतो.

आता एक घरगुती गाऱ्हाणं. हा विषय मी एका समितीपुढे मांडला तेव्हा "विषय हलका वाटतो" असं ऐकावं लागलं. तुम्हालाही ऐकावं लागेल. तेव्हा मला वाशीम आठवलं. वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. राजशेखराने काव्यमीमांसेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न याच गावी लावून दिलंय. आणि दंडीच्या 'दशकुमारचरिता'त विश्रुत नावाचा तरुण विंध्याच्या जंगलात भटकत असताना विदर्भाच्या बालराजपुत्राला भेटतो आणि डावपेचांनी त्याचं राज्य परत मिळवून देतो. वा. वि. मिराशींनी ही गोष्ट वाकाटकांच्या अखेरच्या काळाशी लावून दाखवली, त्यातला पुण्यवर्मा म्हणजे हरिषेण असं मांडलं. चोर, वेषांतर, विषप्रयोग, अशक्य सुटका, सगळं आहे त्यात. संस्कृतात असल्यामुळे त्याला हलकं म्हणायची कोणाची छाती होत नाही, आणि मिराशींसारख्या विद्वानाला त्यातून राजवंशाचा इतिहास काढता आला. समितीत हे बोलायचं सुचलं नाही, परतताना बसमध्ये सुचलं. नेहमीचंच.

त्यापेक्षा मोठी अडचण साधनांची आहे. एका तालुक्याच्या ग्रंथालयात अर्नाळकरांची पुस्तकं आहेत असं कळलं म्हणून गेलो, तर ती रद्दीत गेलेली. फाटली होती, जागा नव्हती, नवी स्पर्धा परीक्षेची पुस्तकं ठेवायची होती. ग्रंथपालांचा दोष काढवत नाही, त्या कोपऱ्यात आता एमपीएससीची पोरं बसतात. पण दाखल नोंदवही शिल्लक होती. पुस्तकाचं नाव, किंमत, पुरवठादार, आणि पुढे लाल शाईत 'बाद'. पुस्तकं गेली तरी ती कधी आली, कुठून आली, कधी निघाली हे त्या वहीत आहे. सरकारी अनुदानावरच्या ग्रंथालयांना ही वही ठेवावीच लागते, आणि जिल्ह्यात अ, ब, क, ड वर्गांची अशी बरीच ग्रंथालयं आहेत. सध्या रिसोड, मालेगाव, मानोरा, मंगरुळपीर असं एकेक करत फिरतोय. काही ठिकाणी चहा मिळतो, काही ठिकाणी "अर्ज करा" मिळतं.

माझ्या मांडणीचा कच्चा दुवा भगवानदादांचे चित्रपट आहेत. 'अलबेला'च्या आधीचे बहुतेक आज पाहायलाच मिळत नाहीत. त्यामुळे ते झुंजारच्या किती जवळचे होते हे मी पडद्यावरून नाही, जाहिराती आणि पोस्टरवरूनच म्हणू शकतो. त्यासाठी पुढच्या महिन्यात पुण्याला, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जायचंय. मामांनी सोबत येतो म्हटलंय. नादियाचं एखादं पोस्टर दिसलं तर फोटो काढू देतात का, एवढंच त्यांनी विचारलं.